काय दिवे लावलेत!

आमच्या दिवाणखान्यात सध्या चौदा दिवे आहेत. मोजून चौदा. बारा छतात, एक टीव्हीच्या मागे आणि एक देवघराच्या वर. हा शेवटचा देवांना दिसावं म्हणून आहे की देव आम्हाला दिसावेत म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. खोली तेरा फूट बाय दहा. घरात माणसं चार. म्हणजे दर माणशी साडेतीन दिवे पडतात. रेशनवर इतकी साखर मिळाली असती तर आमची एक पिढी सुखात वाढली असती.

हे सगळं चिरंजीवांनी केलं. फॉल्स सीलिंग झालं, त्यात भोकं पडली, भोकांत दिवे बसले आणि इलेक्ट्रिशियनने बटण दाबून "बघा काका, कसा लख्ख!" असं म्हटलं. लख्ख होतं यात शंकाच नाही. सोफ्यावरचा चहाचा डाग दिसला, भिंतीची ओल दिसली, माझ्या डोक्यावर राहिलेले केस मोजता येतील इतके स्पष्ट दिसले. फक्त त्या दिवसापासून त्या खोलीत कोणी बोलायला बसत नाही.

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला नवीन काही बघवत नाही. मीही काही दिवस तसंच समजत होतो. पण मग परवाचा प्रसंग घडला.

आमचे एक जुने स्नेही आणि त्यांच्या सौभाग्यवती नवं घर बघायला आले. हे गृहस्थ पूर्वी आमच्याकडे आले की साडेअकराशिवाय उठत नसत. परवा आले, सोफ्याच्या कडेवर ताठ बसले, "छान केलंत हो," म्हणाले. मग फॉल्स सीलिंगचा स्क्वेअर फुटाचा भाव झाला, रंगाचा भाव झाला, आमच्या गुडघ्यांचे आणि त्यांच्या गुडघ्यांचे भाव झाले. पंचविसाव्या मिनिटाला दोघं उठली. मी त्यांना खाली सोडायला निघालो.

आमच्या जिन्यातला दिवा गेले आठ महिने बंद आहे. सोसायटीच्या दोन सभांत त्यावर चर्चा झाली असून तिसऱ्या सभेत ती पुढे चालू राहील. तर त्या अंधाऱ्या जिन्यात, पहिल्या मजल्याच्या वळणावर, आमचे स्नेही कठड्याला टेकून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "मुलीचं जरा बिनसलंय रे. परत आलीय."

पुढची चाळीस मिनिटं आम्ही तिथंच उभे होतो. ज्यासाठी तो माणूस पावसात रिक्षा करून आला होता, ते त्याला माझ्या चौदा दिव्यांखाली सांगता आलं नाही. ते त्याने सोसायटीच्या बंद दिव्याखाली सांगितलं.

तेव्हा माझी फिर्याद अशी आहे. छतातून सगळ्यांच्या डोक्यावर सारखाच ओतला जाणारा हा जो पांढरा फटफटीत उजेड आहे, तो माणसांना एकमेकांपासून तोडतो. आपण हौसेने, पैसे मोजून, आपल्या घरांची बँक करून टाकली आहे. आणि बँकेत माणसं जशी वागतात तशीच ती आता घरात वागू लागली आहेत. आत येतात, काम करतात आणि जातात.

माझं लहानपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात, कंदिलाच्या उजेडात गेलं. घरात अकरा माणसं आणि दिवे तीन. एक चिमणी स्वयंपाकघरात, एक कंदील गोठ्यात किंवा परसात जाणाऱ्याच्या हातात आणि दुसरा माजघरात. संध्याकाळी दिवेलागणीला काका काच राखेने पुसायचे, वात कापायचे, काडी ओढायचे. दिवा लागला की सगळ्यांनी हात जोडायचे आणि आम्ही पोरांनी शुभंकरोती म्हणायचं. मग तो कंदील माजघराच्या मधोमध ठेवला जाई आणि त्याच्याभोवती चार हातांचं एक पिवळं वर्तुळ पडे.

त्या वर्तुळात घर बसत असे. दुसरीकडे बसायची सोयच नव्हती. ज्याला वाचायचं असेल, टाका घालायचा असेल, लसूण सोलायचा असेल, वाती वळायच्या असतील, त्याने आपलं काम घेऊन तिथं यायचं. गणितं करणारा मी, वाती वळणारी आजी, सुपारी कातरणारे काका आणि लसूण सोलणारी आत्या, अशी खेटून बसलेली असायची. रुसायचं झालं तर वर्तुळाबाहेर, अंधारात जाऊन बसावं लागे. आणि कोकणातल्या अंधारात एकट्याने बसण्याइतका राग मला आयुष्यात कधी आला नाही. त्यामुळे आमच्या घरातली भांडणं रात्रीच्या जेवणापलीकडे टिकत नसत. आता चिरंजीव रुसले की आपल्या खोलीत जातात आणि तिथं त्यांचे स्वतःचे सहा दिवे आहेत. रुसवा आठवडाभर आरामात चालतो.

त्या एका दिव्याची आणखी एक गंमत होती. त्याला सावल्या होत्या. काका दोन्ही हातांची बोटं गुंफून कंदिलापुढे धरायचे आणि मागच्या भिंतीवर बैलाएवढं हरीण कान हलवायचं. मला ते हरीण काकांनी शिकवलं. चौदा दिव्यांच्या खोलीत हे हरीण होत नाही. मी करून पाहिलं आहे. चौदा बाजूंनी उजेड आला की सावली कुठल्याच भिंतीवर धड पडत नाही. आपण नुसतेच बोटं वेडीवाकडी करून उभे राहतो आणि सूनबाई विचारतात, "बाबा, हात दुखतोय का?"

गावात वीज आली १९६८ साली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. घरात दोन पॉइंट घेतले, माजघरात एक आणि ओटीवर एक. वाशाला लोंबणाऱ्या वायरच्या टोकाला चाळीसचा बल्ब. पण तोही पिवळाच आणि खोलीत एकच, त्यामुळे वर्तुळ थोडं मोठं झालं इतकंच. माणसं होती तिथंच राहिली. मोडली ती ट्यूब आल्यावर.

नोकरीसाठी मी डोंबिवलीला आलो तेव्हा ट्यूब ही प्रतिष्ठेची वस्तू होती. स्वयंपाकघरात, न्हाणीघरात बल्ब चालत असे, पण बाहेरच्या खोलीत ट्यूब हवीच. ज्यांच्याकडे दोन ट्यूबा होत्या ते लोक खिडकीचे पडदे सरकवून बसत, रस्त्यावरून दिसावं म्हणून. बटण दाबलं की ती आधी चोकमधून गुणगुणायची, दोनतीनदा डोळे मिचकवायची आणि मग मनाशी काही ठरवल्यासारखी पेटायची. एखाद्याच्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला की त्याला ट्यूबलाईट म्हणायची पद्धत तिथूनच आली. कचेरीत हा किताब बरीच वर्षं माझ्याकडे होता.

ट्यूबच्या काचेत असते पाऱ्याची वाफ आणि काचेला आतून पावडरीचा लेप. त्या काळच्या लेपातून जो उजेड निघायचा त्यात तांबड्या रंगाचा अंश फार कमी असायचा. म्हणून तर आपल्या बायका दुकानातली साडी हातात धरून "जरा बाहेर उजेडात बघते हं," म्हणत रस्त्यावर यायच्या. साडीच्या बाबतीत एवढ्या सावध असणाऱ्या समाजाने मुलं-मुली मात्र त्याच ट्यूबखाली पसंत केल्या. १९८१ साली मी कल्याणला मुलगी बघायला गेलो. वर ट्यूब, समोर कांदेपोहे, पोह्यांतली हळदसुद्धा करड्या रंगाची दिसत होती. मी विचारलं, "आवड कशाची?" ती म्हणाली, "वाचनाची." इतकं बोलून आम्ही दोघंही गप्प बसलो. वीस मिनिटं. सरकारी कामासाठी आलेल्या दोन अनोळखी माणसांसारखे. होकार आला म्हणून लग्न झालं. तो का आला, हे पुढे येईल.

आता ट्यूबही मागे पडली आणि एलईडी आले. मी शास्त्राचा शत्रू नाही. निळा एलईडी बनवणाऱ्या तीन जपानी जन्माच्या शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल मिळालं आणि ते रास्तच होतं. पूर्वीच्या साठ वॅटच्या बल्बचं काम आता नऊ वॅटचा दिवा करतो. बिल मीच भरतो, तेव्हा हे मला कोणी सांगायला नको. माझं भांडण दिव्याशी नाही. आपण दुकानात जाऊन जो दिवा मागतो त्याच्याशी आहे.

दिव्याच्या खोक्यावर एक आकडा छापलेला असतो. तो केल्विनमध्ये असतो. कंदिलाच्या ज्योतीचा साधारण १९००, जुन्या बल्बचा २७००, भर दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या आसपास. आणि आपण घरात सर्रास लावतो तो पांढरा दिवा ६५०० चा. हा रंग ढगांनी भरलेल्या दुपारच्या आभाळाचा. म्हणजे रात्री साडेनऊ वाजता, जेवणखाण आटोपल्यावर, आपण डोक्यावर ढगाळ दुपार लावून बसतो आणि मग म्हणतो, हल्ली घरात गप्पा होत नाहीत. दुपारी कोण गप्पा मारतं? दुपारी लोक कचेरीत असतात.

हा नुसता माझा शब्दांचा खेळ नाही. आपल्या डोळ्यांत पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी आहेत, ज्या फक्त उजेड मोजतात आणि त्यातल्या निळ्या अंशाला विशेष दाद देतात. त्यांचा शोध २००२ साली पक्का झाला. रात्री त्यांच्यावर असा उजेड पडला की त्या मेंदूला वर्दी देतात, "अजून दिवस आहे, झोपेची तयारी थांबवा." सबंध शरीर कामावर हजर राहतं. अशा हजेरीवर बसलेल्या माणसाने मन मोकळं करावं कसं?

आणि हे गुपित ज्यांना कळायला हवं त्यांना केव्हाच कळलेलं आहे. उडप्याच्या हॉटेलात जा. वर पांढऱ्या दिव्यांची रांग. डोसा येतो, कॉफी येते आणि कॉफीबरोबर बशीत बडीशेप आणि बिल. आपण बाहेर केव्हा आलो ते आपल्यालाही कळत नाही. आता (माझं नुसतं ऐकून माहीत आहे असं समजा) परमिट रूममध्ये जा. समोरच्या डिशमध्ये शेंगदाणे आहेत की चणे, ते चाचपून पाहावं लागतं इतका उजेड कमी. तिथं माणसं तीन तीन तास बसतात आणि ज्या मित्राशी दहा वर्षं अबोला होता त्याच्या गळ्यात पडून रडतात. लोक ते सगळं श्रेय बाटलीला देतात. माझ्या मते निम्मं श्रेय तरी दिव्याचं आहे. उडप्याला गिऱ्हाईक उठायला हवं असतं, परमिट रूमवाल्याला ते बसायला हवं असतं. दोघंही आपापला दिवा विचार करून निवडतात. आपल्या घरी आपल्याला माणसं बसायला हवी आहेत की उठायला, याचा विचार न करता दिवे लावणारे आपणच तेवढे.

नाट्यगृहातसुद्धा तिसरी घंटा झाली की दिवे हळूहळू मंद होतात, आणि इतका वेळ जागेच्या नंबरावरून भांडणारी हजार माणसं एकदम एका श्वासाची होतात. अंधार करून माणसं जोडायची ही युक्ती नाटकवाल्यांना ठाऊक आहे, आणि आपण दिवाणखान्यात मध्यंतरच चालू ठेवलेलं आहे.

शास्त्राचा पुरावा हवा असेल तर तोही आहे. अमेरिकेत केनेथ गर्गेन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. एकमेकांना अजिबात न ओळखणाऱ्या तरुण-तरुणींना थोडे थोडे करून तासभर एका खोलीत ठेवलं. काही गटांना उजेडात, काहींना मिट्ट काळोखात. काय करायचं ते सांगितलं नाही. उजेडातली मंडळी आपापल्या जागी बसून सभ्यपणे बोलत राहिली. काळोखातल्यांच्या इकडच्या तिकडच्या गप्पा अर्ध्या तासात ओसरल्या आणि मग ती खरं बोलू लागली. जवळजवळ निम्म्यांनी एकमेकांना मिठी मारली. उजेडातल्या खोलीत एकानेही नाही. प्रयोगाचा उरलेला तपशील कौटुंबिक पुस्तकात देता येण्याजोगा नाही, पण मुद्दा ध्यानात आला असेल.

दुसरा पुरावा जास्त सोज्वळ आहे. पॉली वीस्नर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी कालाहारीतल्या बुशमन लोकांमध्ये अनेक वर्षं काम केलं. १९७४ साली त्यांनी टिपून ठेवलेली संभाषणं पुढे २०१४ मध्ये मांडली. हे लोक दिवसा काय बोलत? कामधंदा, देणंघेणं, तक्रारी, उखाळ्यापाखाळ्या. गोष्टी म्हणाल तर शंभरांत सहा. आणि रात्री शेकोटीभोवती? शंभरांत एक्क्याऐंशी संभाषणं गोष्टींची. माणसं तीच, तोंडं तीच. दिवसा ज्याच्याशी वाटणीवरून भांडायचं, त्यालाच रात्री जाळाच्या उजेडात आजोबाची गोष्ट सांगायची. आम्ही शेकोटी विझवली आणि दिवस चोवीस तासांचा केला. मग आमच्याकडे उखाळ्यापाखाळ्याच उरल्या तर नवल काय?

हे सगळं मी एकदा जेवताना सांगितलं. चिरंजीवांनी ऐकलं नाही. सूनबाईंनी ऐकून "इंटरेस्टिंग" म्हटलं. आमच्या हिने मात्र सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि मला आडवं घेतलं.

"तुमचं ते माजघरातलं वर्तुळ," ही म्हणाली, "त्यात अकरापैकी किती माणसं होती?"

"सगळी."

"सासूबाई होत्या?"

मी आठवू लागलो. वर्तुळात आजी दिसत होती, काका दिसत होते, आत्या दिसत होती. आई दिसेना.

"त्या स्वयंपाकघरात होत्या," ही म्हणाली. "चिमणीच्या उजेडात. अकरा माणसांच्या भाकऱ्या थापत. चुलीच्या धुरात डोळे चोळत. तुम्हाला हरीण दिसत होतं तेव्हा त्यांना भाकरी करपलेली दिसत नव्हती, आणि वर त्यावरून बोलणी बसत होती. मला सांगत होत्या त्या. गावात वीज आली त्या दिवशी घरात सगळ्यांत जास्त आनंद त्यांना झाला होता. मला तांदळातला खडा दिसायला उजेड लागतो, सुईत दोरा ओवायला लागतो, आणि जिन्यात पडून कोणाचा पाय मोडला म्हणजे तुमचे ते बुशमन येणार आहेत का प्लॅस्टर घालायला?"

मी गप्प बसलो. चौदा दिव्यांखाली माणूस निरुत्तर झालेला फार स्पष्ट दिसतो.

तिचं खरं आहे. कंदिलाचे गोडवे बहुधा तेच गातात ज्यांना त्याची काच पुसावी लागली नाही. म्हणून मी माझी फिर्याद दुरुस्त करून घेतो. कामाला उजेड हवा, भरपूर हवा, ओट्यावर हवा, शिवणाच्या मशीनवर हवा, पोरांच्या पुस्तकावर हवा, जिन्यात हवा. माझं म्हणणं एवढंच, की माणूस म्हणजे निवडायचे तांदूळ नव्हेत. खडे शोधायचे असतील तेव्हाच त्याच्यावर एवढा उजेड पाडावा.

पण दुरुस्ती केली तरी फिर्याद मी मागे घेत नाही. का घेत नाही, ते सांगतो. ते मी त्या दिवशी जेवताना सांगितलं नव्हतं.

२००६ सालची गोष्ट. तेव्हा डोंबिवलीत भारनियमन जोरात होतं. वीज कोणत्या वेळी जाणार ते पेपरात छापून येई, आणि छापल्याबरहुकूम जाणारी ती एकच गोष्ट होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे राहायला आले होते. वय ब्याऐंशी. जन्मभर शाळामास्तर. माझं-त्यांचं बोलणं म्हणजे "गोळ्या घेतल्यात?" "घेतल्या." "पेन्शन जमा झालं?" "झालं." यापलीकडे आम्ही पन्नास वर्षांत फारसे गेलो नव्हतो.

मे महिना होता. ही मुलाला घेऊन माहेरी गेली होती. संध्याकाळी वीज गेली. मी मेणबत्ती शोधू लागलो तर अण्णा म्हणाले, "राहू दे. बस." मी बसलो. बाहेर सगळी चाळ-इमारती काळोखात, खाली आवारात लोक खुर्च्या टाकून बसलेले, त्यांचे आवाज येत होते. अण्णांचा चेहरा मला दिसत नव्हता. माझा त्यांना दिसत नव्हता. बऱ्याच वेळाने, विचारल्याशिवाय, ते बोलू लागले.

"तुला ठाऊक नाही. मी एकदा घर सोडून गेलो होतो. बावीस वर्षांचा होतो. कोणाला न सांगता बोटीने मुंबईला."

मी हललोसुद्धा नाही. अण्णांनी आयुष्यात गावाची वेससुद्धा कोणाला न सांगता ओलांडली असेल असं मला वाटलं नव्हतं.

"गिरगावात एका छापखान्यात लागलो होतो. खिळे जुळवायला. परत जायचंच नाही असं ठरवलं होतं. चार महिने होतो. तिथं समोरच्या चाळीत..."

आणि वीज आली.

साऱ्या इमारतींतून पोरं ओरडली, "आलीऽऽ!" आमच्या ट्यूबने दोनतीनदा डोळे मिचकावले आणि ती पेटली. आणि मी काय केलं? लहानपणापासूनची सवय. दिवा लागला की हात जोडायचे. मी त्या ट्यूबला नमस्कार केला.

अण्णा खुर्चीत बसले होते. त्यांच्या तोंडावर काहीतरी होतं, पूर्वी कधी न पाहिलेलं, पण ते बघेबघेपर्यंत मावळलं. त्यांनी पंचाने तोंड पुसलं, चष्मा चाचपून घातला आणि म्हणाले, "पंखा लाव."

मी नंतर दोनदा विचारलं. "कसलं काय, असंच आपलं," एवढंच उत्तर. एकदा तर वीज असताना मी मुद्दाम दिवा घालवून त्यांच्यासमोर जाऊन बसलो. "बिल वाचवतोयस होय?" म्हणाले. २००८ साली अण्णा गेले. समोरच्या चाळीत काय होतं, किंवा कोण होतं, ते मला माहीत नाही. ते वाक्य अजून अर्धंच आहे. त्या वाक्याचा उरलेला भाग वीज कंपनीने दहा मिनिटं उशीर केला असता तर मला मिळाला असता. लोकांच्या वीज गेल्याच्या तक्रारी असतात. माझी वीज आल्याची आहे.

तर मंडळी, माझी मागणी फार मोठी नाही. चौदा दिवे असू द्यात. पाहुण्यांना भाव विचारायला उपयोगी पडतात. पण रात्रीची जेवणं झाली की ते मालवा आणि एकच दिवा लावा. पिवळा, २७०० चा, त्याच दुकानात जवळपास त्याच किमतीला मिळतो. तो छतात नको, माणसाच्या खांद्याच्या खाली असू द्या, कोपऱ्यातल्या स्टुलावर. आणि मग समोरच्याकडे टक लावून बघू नका. काही विचारू नका. वाट बघा.

मी तसा एक दिवा आणला. चार दिवस कोणीच काही बोललं नाही. पाचव्या रात्री मुलगा-सून सिनेमाला गेली होती. हिने आपण होऊन चौदा दिवे बंद केले आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मला वाटलं, बिल आलं असावं.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "तुम्हाला खरं म्हणजे मी नाही म्हणणार होते."

"कधी?"

"कल्याणला. बघायला आला होतात तेव्हा. त्या ट्यूबखाली तुम्ही इतके हिरवे दिसत होतात, मला वाटलं हा माणूस नुकताच काविळीतून उठलाय. आणि एक शब्द बोलत नव्हतात. आईला आत जाऊन सांगणारच होते."

"मग?"

"मग वीज गेली. आठवत नाही तुम्हाला?"

मला खरंच आठवत नव्हतं.

"दादांनी मेणबत्ती आणून मध्ये ठेवली. आमचा धाकटा घाबरून रडायला लागला. तर तुम्ही पोह्यांची बशी खाली ठेवलीत आणि भिंतीवर त्याला हरीण करून दाखवलंत. कान हलवणारं." ती थोडी थांबली. "चव्वेचाळीस वर्षं झाली की हो."

चव्वेचाळीस वर्षं मी त्या होकाराचं श्रेय माझ्या नोकरीला देत होतो. माझी ट्यूब तशी उशिराच पेटते.

मी काही बोललो नाही. दिवा स्टुलावर होता, समोरची भिंत मोकळी होती. दोन्ही हात पुढे धरले आणि बोटं गुंफली. पण आता ती पूर्वीसारखी वाकत नाहीत.

"हे काय?" ही म्हणाली. "हा तर बैल झाला."

"कान हलतायत की नाही, ते सांग."

"हलतायत," ती म्हणाली.